बहात्तरच्या खाली

रविवार, ६ जुलै

८१.४.

घरच्या काट्याची दांडी स्थिर होईपर्यंत बाबांनी श्वास रोखायला लावला — जसं काही श्वासाचंही वजन भरतं! "एक्क्याऐंशी चारशे," म्हणाले, आणि चक्क खूश झाले. कारण गुरुवारी इंदूरच्या हॉस्पिटलातल्या मशीनवर साडेएक्क्याऐंशी आलं होतं. "शंभर ग्रॅमनं चुकतंय त्यांचं." लिव्हर संपत आलंय, पोटात पाणी झालंय, पावलं सुजून चप्पल चढत नाही — आणि आनंद कशाचा, तर हॉस्पिटलचा काटा खोटा निघाला याचा. बत्तीस वर्षं नापतोल खात्यात वजनमापं तपासणारे इन्स्पेक्टर होते, दुसरं काय होणार.

मुद्दा एवढाच आहे. बाबांना लिव्हरचा तुकडा हवाय. त्यांचा रक्तगट ओ. माईचा बी, पुण्याला असलेल्या भावाचा, सुमीतचाही बी. ओ फक्त मी. आणि माझ्या लिव्हरवर चरबी! सर्जन म्हणाले, बहात्तरच्या खाली या, मग परत स्कॅन करू, चरबी उतरली असेल तर घेऊ. दिवाळीपर्यंत. त्यापुढे बाबांचं काही सांगता येत नाही.

नऊ किलो चारशे. छत्तीस वर्षांच्या आयुष्यात मी चार किलोच्या वर कधी उतरलेले नाही. उतरले तेही महिन्याभरात व्याजासकट परत आलं.

आज आषाढी. साबुदाण्याची खिचडी खाल्ली आणि ही वही उघडली.

मंगळवार, ८ जुलै

फ्रीगंजात शुगरच्या मॅडमना दाखवलं. बाबा हट्टानं बरोबर आले. रिपोर्ट बघून मॅडम म्हणाल्या, "शुगर तो ठीक ही है. इन्सुलिन देखो — अट्ठाईस! शरीर उसकी सुनता ही नहीं, तो वो और बनता जाता है. जब तक ये ऊपर है, चर्बी हिलेगी नहीं."

मग उठून माझी वेणी बाजूला केली. "ये गर्दन कब से काली है?"

बारावीपासून. बारावीपासून माई बेसन-लिंबू लावून, वर दगडानं मान घासायला लावायची. "आंघोळ करतेस का नुसती उभी राहतेस गं?" सोलली जाईपर्यंत घासली मी. अठरा वर्षं उन्हाळ्यातसुद्धा केस मोकळे सोडून फिरले.

"मैल नहीं है बेटा. इन्सुलिन है."

मला तिथेच रडू आलं. बाबांनी काहीतरी करायचं म्हणून क्लिनिकच्या काट्याचा शिक्का शोधला. नव्हताच! "मॅडम, इस पर तो मुहर नहीं है. ये तौल मान्य नहीं." मॅडम हसल्या. "तो आप घर से ही लिखवा लाइए, साहब." ठरलं. घरचंच वजन सांगायचं.

रिक्षात बाबांनी शर्टाची कॉलर मागं ओढून आपली मान दाखवली. तशीच काळी. "माझ्याकडनंच आलंय ते तुला," म्हणाले.

सोमवार, १४ जुलै

आज महाकालाच्या पालखीची पहिली सवारी. महाकाल नगर बघायला निघाले आणि अर्धं नगर उपाशी! इथल्या मराठी घरांत श्रावण दोनदा येतो — आधी हिंदीवाल्यांचा, पंधरा दिवसांनी आपला. माई दोन्ही धरते. यंदा बाबांसाठी मीही धरलेत सगळे सोमवार. शिवाय प्रदोष, शिवाय चतुर्थी. मॅडम म्हणाल्याच होत्या, फास्टिंग करो. मग हे काय वेगळं? देवही खूश, डॉक्टरही.

रविवार, २० जुलै

८१.९.

वाढलं! अर्धा किलो वाढलं!!

मॅडमना फोन केला. "फास्टिंग में क्या लिया?" सांगितलं — खिचडी, बटाट्याचा किस, राजगिऱ्याचा लाडू, एकदा शिंगाड्याचा शिरा. मग, "बेटा, इससे अच्छा तो तुम रोटी खा लेतीं."

एकादशी आणि दुप्पट खाशी हे लहानपणापासून ऐकतेय. ते माझ्याबद्दल आहे हे आज कळलं. माईला म्हटलं, यापुढे उपास म्हणजे पाणी. ती म्हणाली, "रिकाम्या पोटी नवस करू नये." मी म्हटलं, भरल्या पोटी बाबा जातील. फार वाईट बोलले. ती देवघरात जाऊन बसली.

दोन आठवडे वाया गेले.

रविवार, २७ जुलै

८०.६. मूग, दुधी, अंडी (शेगडीवर मागच्या अंगणात, वेगळ्या कढईत, माईनं तोंड फिरवून). सकाळी चालणं, संध्याकाळी चालणं. भात बंद, पोळी एक, चहा बिनसाखरेचा — जिभेवर तुरटी चोळल्यासारखा.

रविवार, ३ ऑगस्ट

७९.५!

बाबांनी व्हरांड्यातल्या दारावर पेन्सिलनं लिहिलं. त्याच दारावर सुमीतची नि माझी दर वाढदिवसाची वजनं आहेत. कुणाच्या घरी औक्षण आधी होतं, आमच्याकडे वजन आधी. हा काटा म्हणजे गोदामात असतो तसला — खाली उभं राहायला लोखंडी पाट, वर पितळी दांडी. दांडीच्या टोकाला अर्ध्या किलोचं वजन टांगलं की पन्नास किलो धरायचे, वरचे दांडीवरच्या खुणेवर. खात्याच्या लिलावातून बाबांनी आणला तेव्हा मी सहा वर्षांची होते. तेव्हाही वर्गात सगळ्यांत जड मीच. सुमीत टाळ्या वाजवायचा. बाबा त्याला म्हणायचे, "जे आहे ते आहे. काट्यावर हसायचं नाही."

रविवार, १० ऑगस्ट

७८.६. पुढे लिहायला अंगात त्राण नाही. जिने चढले आज ऑफिसचे, तीनदा.

रविवार, १७ ऑगस्ट

७७.८. होईल. मला पहिल्यांदाच वाटतंय की होईल. लिहू नये असं, दृष्ट लागते.

गुरुवार, २१ ऑगस्ट

इंदूर. बाबांच्या पोटातलं पाणी काढलं. साडेचार लिटर.

मग सर्जननी दोघांना बसवून समजावलं. कोरा कागद घेतला, माझं पोट काढलं — नुसत्या दोन वाकड्या रेघा, पण पोट माझंच! — आणि त्यावर इथून इथपर्यंत काप. लिव्हरचा साठ टक्के भाग काढणार. तो परत वाढतो. बाबांनी विचारलं, "और इसको ख़तरा?" सर्जन म्हणाले, "आधा परसेंट मान लीजिए."

गाडीत बाबा म्हणाले, "अर्धा टक्का म्हणजे दोनशेत एक."

"काहीच नाही म्हणजे," मी म्हटलं.

"दोनशे काटे तपासले की एक तरी खोटा निघायचाच, मृणू. बत्तीस वर्षांत एकदा चुकलं नाही हे."

मी म्हटलं, मी काय किराण्याचा काटा आहे? हसले. तो कागद त्यांनी घडी घालून खिशात ठेवला. कशाला, विचारलं तर म्हणाले, राहू दे.

रविवार, २४ ऑगस्ट

८०.३.

मी उतरले, परत चढले. ८०.३. बाबांना म्हटलं दांडी तपासा. त्यांनी पाट रिकामा करून दाखवला — दांडी बरोबर मधोमध, पाण्यासारखी सपाट. काटा ठीक आहे. काटा कधी ठीक नसतो?

आठवडाभर एक दाणा जास्त गेला नाही पोटात. एक दाणा नाही! अडीच किलो कुठून आले? हवेतून?

बाबा म्हणाले, "पाणी असेल अंगात." माझ्याकडे न बघता.

बुधवार, २७ ऑगस्ट

गणपती बसले. माईनं एकवीस मोदक केले, मी एकवीस मोजले आणि एकही तोंडात टाकला नाही. शेजारच्या वहिनी म्हणाल्या, "प्रसादाला नाही म्हणू नये हो." म्हटलं, बाप्पाला चालतं पोट, मला चालत नाही.

रविवार, ३१ ऑगस्ट

८०.१. आठवड्याच्या उपासमारीचे दोनशे ग्रॅम.

आता मला माझ्या शरीराचा तिरस्कार वाटतो. खोटं कशाला लिहू. आरशात दिसणाऱ्या बाईला हाताला धरून घराबाहेर काढावंसं वाटतं. तिच्यामुळे माझा बाप मरणार आहे.

रविवार, ७ सप्टेंबर

७९.६.

काल सुमीतला आणायला स्टेशनवर गेले होते. गाडी उशिरा, म्हणून तिथल्या दिव्यांच्या वजनाच्या मशीनवर चढले. चिठ्ठी आली — ७६.५! सुमीत उतरला तेव्हा मी फलाटावर वेड्यासारखी हसत उभी. घरी येऊन चिठ्ठी बाबांपुढे धरली.

त्यांनी चष्मा लावून वाचली, उलटी करून मागचं भविष्य वाचलं. "‘तुम्हाला लवकरच शुभवार्ता मिळेल’," म्हणाले. "वजनही त्याच भविष्यवाल्यानं लिहिलंय."

सुमीत म्हणाला, "ताई, बाबांच्या काट्यापुढे तू रेल्वेचं ऐकतेस?" तेही खरंच. या माणसानं सख्ख्या मावसभावाच्या दुकानातली मापं जप्त केली होती, दिवाळीच्या दिवशी. ऐन धंद्यात. मावशी मरेपर्यंत आमच्याकडे आल्या नाहीत. कुणाकडचा चहा नाही कधी, सुपारीचं खांड नाही. मी चिठ्ठी फाडली.

सोमवार, १५ सप्टेंबर

नवे रिपोर्ट. इन्सुलिन सतरा. मॅडम आधी खूश, मग वजन विचारलं. काल घरी भरलेलं सांगितलं — ७८.९. त्यांनी पेन खाली ठेवलं. "रिपोर्ट सुधर रही है, वज़न क्यों नहीं हिल रहा, समझ में नहीं आता." त्यांना समजत नाही तर मला काय समजणार!

ऑफिसात पूजा म्हणाली, "दीदी, आप तो आधी हो गईं! कुर्ता देखो, लटक रहा है." घरी आल्यावर हे सांगितलं, तर बाबा म्हणाले, "लोक मन राखायला बोलतात, बाळ." मग — "तू फार दमतेस. सोडून दे हे. मी काही रागावणार नाही."

मी ओरडले त्यांच्यावर. तुम्हाला जगायचं नाहीये का? माई स्वयंपाकघरातून धावत आली. बाबा नुसते पायांकडे बघत राहिले.

रविवार, २१ सप्टेंबर

७८.२. सर्वपित्री. माईनं खीर-वडे करून कावळ्याला ठेवले. कावळा लगेच आला. कावळ्यांचं बरंय.

सोमवार, २९ सप्टेंबर

काल ७७.१. बाबा दुपारी मला "आई" म्हणाले. डोक्यात चढतंय आता ते लिव्हरचं विष. औषध दिल्यावर तासाभरानं ओळखलं. त्या तासात माझा हात धरून सारखं एकच — "तौल बराबर नहीं है, बराबर नहीं है." खात्यातलंच काही डोक्यात फिरत असणार.

रविवार, ५ ऑक्टोबर

७५.९. दोन तास चालते आता. राम घाटापर्यंत जाऊन परत. काल घाटावर चक्कर आली, एका पंडाजींनी छत्रीखाली बसवलं, म्हणाले, "किसके निमित्त आई हो, बेटी?" पिंडदानाला आलेय असं वाटलं त्यांना. मी म्हटलं, अभी नहीं.

रविवार, १२ ऑक्टोबर

७४.८.

आठ दिवसांवर दिवाळी. वर अडीच-तीन किलो अजून. हॉस्पिटलात फोन करायला हातात घेतला आणि ठेवून दिला. काय सांगू? बहात्तरच्या खाली आल्यावरच फोन करा म्हणाल्या होत्या तिथल्या तारखा देणाऱ्या बाई. "उससे पहले स्कैन का कोई मतलब नहीं."

होत नाही माझ्यानं. चौदा आठवडे झाले. जेवढं जमतं तेवढं सगळं केलं, आणि ते पुरत नाही. बाबा दांडीवरचं सरकतं वजन परत शून्यावर नेत होते. "झालं तेवढं पुष्कळ झालं," म्हणाले. "आता बस कर, मृणू. माझ्यासाठी बस कर."

मी पाटावरच खाली बसले आणि रडले. त्यांनी डोक्यावर हात ठेवला. खूप वेळ ठेवला.

सोमवार, १३ ऑक्टोबर

बाबांनी सुमीतला फ्रीगंजात पाठवून पोहे-जिलेबी मागवली. माझ्यासाठी. खाल्ली. सहा जिलब्या. सातवी पण. तीन महिन्यांनी साखर — दात शिवशिवले. बाबा समोर खुर्चीत बसून मी खाताना बघत होते. किती दिवसांनी त्यांचा चेहरा इतका हलका दिसला! मी हरले ते त्यांनी मनाला लावून घेतलं नाही, असा मोठा माणूस.

शनिवार, १८ ऑक्टोबर

धनत्रयोदशी. ताप. पोटातल्या पाण्यात इन्फेक्शन झालंय. इंदूरला आणलं.

मंगळवार, २१ ऑक्टोबर

सर्जन येऊन गेले. आता ऑपरेशनचा विचारच नाही म्हणाले. माझ्याकडे बघून, "आपने बहुत कोशिश की." मला त्यांच्या पायांवर डोकं आपटावंसं वाटलं. खिडकीबाहेर फटाके. माई वाटीत आणलेली करंजी हातात धरून बसलीय, कुणाला द्यावी कळत नाहीये तिला.

रविवार, २६ ऑक्टोबर

बाबा गेले. सकाळी सव्वासहाला.

काट्याचा दिवस होता.

शुक्रवार, ७ नोव्हेंबर

तेरावा झाला. सगळे नातेवाईक मला समजावतात. "तुझ्या हातात काय होतं?" माझ्याच हातात होतं. नऊ किलो चारशे, बास. जमलेल्या सगळ्यांना माहीत आहे, आणि कुणी बोलत नाही. जेवताना मावशीच्या सुनेनं माझ्या ताटात दुसरा लाडू वाढला आणि तिची तीच ओशाळली. मी खाल्ला. आता कशासाठी थांबायचं?

रविवार, ९ नोव्हेंबर

चौकातल्या किराण्याचे माणिकलालजी आले होते. बाबांनी यांना आयुष्यात दोनदा दंड केलेला, तरी तेराव्याला सगळ्यांत आधी येऊन बसले होते. व्हरांड्यातला काटा त्यांना दुकानासाठी हवाय — "साहब की निशानी रहेगी." माई हो म्हणाली. मला तर तो डोळ्यांसमोर नकोच होता.

बरोबर काटे दुरुस्त करणारा म्हातारा मिस्त्री होता. त्यानं वजनं एकेक हातात घेऊन पाहिली, अर्ध्या किलोचं उलटं केलं आणि तसाच थांबला. वजनाच्या बुडाला भोक असतं, त्यात शिसं भरून वर खात्याचा शिक्का मारतात. ते भोक रिकामं होतं.

"दीदी, इसका सीसा तो निकला हुआ है. तीस ग्राम कम है. आदमी खड़ा होगा तो तीन किलो ज़्यादा दिखाएगा."

रिकाम्या पाटावर दांडी सरळच राहणार म्हणाला. हे वजन टांगलं की मगच खोट कळते.

माणिकलालजी घाईघाईनं म्हणाले, "पुराना है, झड़ गया होगा." मिस्त्रीनं मान हलवली. "झड़ता नहीं है, सेठ. कुरेदा है किसी ने. सफ़ाई से." मग भिंतीवरच्या बाबांच्या हार घातलेल्या फोटोकडे बघितलं आणि वजन हळूच खाली ठेवलं.

काटा द्यायचा नाही म्हणून सांगितलं.

सोमवार, १० नोव्हेंबर

बाबांची शिक्क्यांची पेटी उघडली. तळाशी शिशाचा गोळा, कागदात गुंडाळलेला. जप्त केलेल्या मालाला ते चिठ्ठी लावायचे तशीच यालाही — त्यांच्याच अक्षरात. माल : शिसे, ३० ग्रॅम. कोणाकडून : श्रीधर यज्ञेश्वर किबे — म्हणजे बाबा स्वतःच. खाली सही. २३ ऑगस्ट.

कागद उलटा केला. दोन वाकड्या रेघा, मधे काप. माझं पोट.

राग आलाय मला. इतका की माईशीसुद्धा बोलले नाही.

१२ ऑक्टोबरचं पान काढलं. ७४.८ च्या खाली पेन्सिलनं ७१.८ लिहिलं.